कानातला खडा

विषय काय विचारतात, तेव्हा मी सांगते, मासे.
"म्हणजे पाळायचे?"
नाही. ढोमीच्या कानात खडा असतो,
शेंगदाण्याच्या पाकळीएवढा, तसाच पांढुरका.
तो घासून घासून पातळ केला, तेलाच्या थेंबात ठेवला
की बुंध्यासारखी वलयं दिसतात.
ती मोजायची.
मासा किती वर्षांचा होता, ते कळतं.

सहा वर्षं मी हे केलं.
पहाटे चारला भाऊच्या धक्क्यावर
हाशीबाई तांडेल धडं गिऱ्हाइकाला द्यायची, डोकी मला.
"डोकी कनाला गो तुला?"
वय मोजायला, म्हटलं.
कोयता थांबवून ती हसली,
"मंग माजा पन सांग बगू."
तिच्या आधार कार्डावर एक जानेवारी आहे.

बावीसशे ऐंशी खडे,
प्रिन्सेस स्ट्रीटवरून ठोक भावात आणलेल्या
होमिओपॅथीच्या बाटल्यांत,
प्रत्येकीवर माझ्या अक्षरात तारीख, लांबी, वजन.
एवढ्यातून निघालं ते एका वाक्यात सांगता येतं:
ज्या साली पोटाला मिळालं नाही, त्या सालचं वलय बारीक पडतं,
पण पडतं.
खडा एकही साल गाळत नाही.

पवईला, सातव्या मजल्यावरच्या गारठ्यात
एका मुलाने माझा सीव्ही उलटा करून पाहिला
(सव्वीस, फार तर सत्तावीस; सवयीने मोजलं)
"मॅडम, ही मधली दोन वर्षं कोरी का?"
मी वाक्य तोंडाशी आणलं होतं.
मग म्हटलं, घरगुती कारण.
"तसं तुम्ही जरा जास्तच शिकलेल्या आहात," तो म्हणाला,
अगदी आस्थेनं, एखादं दुखणं सांगावं तसं.

सरकारी जाहिरात आली. सागरी मत्स्यजीव, एक पद.
माझ्याच प्रबंधाची अनुक्रमणिका कुणीतरी
पात्रतेच्या रकान्यात उतरवावी, इतकी माझी.
वयोमर्यादा पस्तीस.
जाहिरातीच्या तारखेला मी
पस्तीस वर्षं, एक महिना, अकरा दिवस.
यात चूक निघण्याची शक्यता शून्य.
दुसऱ्याकडून मोजून घ्यायची गरज नव्हती.

सध्या घाटकोपरच्या क्लासमध्ये नीटच्या पोरांना
पेशी शिकवते, तासाला साडेतीनशे.
बॅनरवर माझ्या नावाआधी मोठ्ठं "डॉ."
आणि फोटोत गळ्यात स्टेथोस्कोप, जो मी कधी घातला नाही.
काढायला सांगितलं तर मालक म्हणाले,
"राहू द्या हो, शोभतोय."

आई म्हणते, आता कानाला खडा लाव.
बँकेच्या परीक्षा दे.
तिथली मर्यादा तीस आहे, हे मी तिला सांगत नाही,
आणि तिच्या तोंडून निघालेल्या शब्दाला
एकटीच हसते, तेही सांगत नाही.

मार्चमध्ये ज्युनिअरचा फोन आला,
कपाट रिकामं करायचंय ताई, तुमच्या बाटल्या...
दोन फेऱ्यांत आणल्या, टॅक्सीने.
दिवाणाखाली आहेत.
रस्त्याखाली मेट्रोचं खोदकाम चालू असलं की
रात्री सगळ्या मिळून किणकिणतात.
बाबा कूस बदलतात. तक्रार करत नाहीत.

काल ढोमीचं कालवण होतं.
बाबांनी ताटाच्या कडेला दोन खडे काढून ठेवले,
धुतले, पुसले,
आणि माझ्यासमोर सरकवले.
"किती?"
ट्यूबलाइटखाली धरून काय दिसणार?
दोनेक वर्षं असेल, म्हटलं, अंदाजे.
"अंदाजे कशाला," ते म्हणाले, "तुला येतं ना?"

सकाळी कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडे
बाराशे नंबरचा पॉलिश पेपर मागितला.
त्याने कागद गुंडाळता गुंडाळता विचारलं,
"फर्निचर काढलंय?"
हो म्हटलं.
जुनं आहे.